बॉम्बमधली भाकरी

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भात हवा तेवढा घ्यावा, असा नियम होता. आजच्या वाचकाला यात काही विशेष वाटायचं नाही. मी मात्र नोकरीच्या पहिल्या दिवशी वाढप्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, जेवा की आता. बोलण्यात भात गार व्हायला लागला."

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेलो. तालुक्याच्या शाळेत शिकलो, जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं. आमच्या भावकीत पदवी मिळवणारा मी पहिलाच. वडील लवकर गेले. मायनं दुसऱ्याच्या रानात खुरपून मला शिकवलं, आणि शाळेतल्या दोन मास्तरांनी त्यांची स्वतःची पुस्तकं वापरायला दिली. ती तीन माणसं नसती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

वसतिगृहात ताटात दोन पोळ्या आणि वरण असे. वरणातली डाळ शोधावी लागे. त्यामुळे वाढलेलं टाकायचं नाही आणि मिळतंय तोवर नको म्हणायचं नाही, हे दोन नियम माझ्या अंगात मुरले होते. ऐंशी सालानंतर दोनेक वर्षांनी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा माझं वजन चोपन्न किलो होतं. सोळा महिन्यांनी ते अठ्ठ्याहत्तर झालं.

हे वाढणं मला खटकलं नाही, उलट बरंच वाटलं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मायनं मला काही काम नसताना तीन वेळा गल्लीतून फिरवून आणलं. एकदा किराणा दुकानात काडेपेटी आणायला, एकदा ती बदलून आणायला, आणि एकदा नुसतंच. बायका दारात येऊन बघत. "नोकरी अंगी लागली गं तुझ्या पोराच्या," असं कुणी म्हटलं की माय पदर सावरून म्हणायची, "कुठं, वाळलाय उलट."

पण नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कायम झालेल्या माणसाला नेरुळला कंपनीतर्फे राहायला जागा मिळे, एक खोली आणि स्वयंपाकघर. माय म्हणाली होती, "तुझ्या नावाचं दार झालं की मी खुरपं ठेवीन आणि येईन. भाड्याच्या दारात मी यायची नाही." मी तेव्हा बेलापूर खाडीकाठच्या दिवाळे गावात भाड्यानेच राहत होतो. त्यामुळे कायम होणं याचा अर्थ माझ्या लेखी पगारवाढ नव्हता. माय उन्हातून सावलीत येणार की नाही, एवढाच होता.

कायम करण्याआधी कंपनीचे डॉक्टर तपासत. आमचे डॉक्टर पन्नाशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि पाऱ्याकडे बघत राहिले.

"वय?"

"तेवीस, सर."

"रक्तदाब माझ्या वयाचा आहे तुमचा. काय खाता?"

"कॅन्टीनमध्ये खातो, सर."

"कुठे ते नाही विचारलं. किती खाता?"

"पुरेपर्यंत."

"आणि पुरतं कधी?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "कॅन्टीन बंद होतं तेव्हा, सर."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तीन महिन्यांत सहा किलो उतरवा. बहात्तरवर या. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. दिवसाला अठराशे कॅलरी आणि रोज चालणं. घाई करायची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघतो. तोवर तुमच्या कागदावर मला तंदुरुस्त लिहिता येणार नाही."

आणि त्यांनी मला एक चक्रमुद्रित कागद दिला. त्यावर वर अठराशेचा आकडा होता आणि खाली कोणत्या पदार्थात किती कॅलरी ते इंग्रजीत होतं. टोस्ट होता, उकडलेला मासा होता, पॉरिज होतं, लेट्यूस होतं. लेट्यूस मी शब्दकोशात पाहिलं. "एक प्रकारची पालेभाजी" असा अर्थ दिला होता, कोणत्या प्रकारची ते दिलं नव्हतं. ज्वारीची भाकरी त्या कागदावर नव्हती. आमटी नव्हती, ताक नव्हतं, सुकट नव्हती. मी जे जे खात होतो त्यातलं त्या कागदावर काहीच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर परत जाऊन डॉक्टरांना विचारून आला असता. पण शिकलेल्या माणसानं विचारायला जायचं नसतं, शोधून काढायचं असतं, अशी माझी समजूत होती. आणि शोधायचं साधन माझ्या टेबलापासून चार हातांवर होतं.

कारखान्याचा बॉयलर कोळशावर चाले. आलेला कोळसा किती उष्णता देईल ते मोजायला आमच्याकडे एक यंत्र होतं, त्याला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. नाव भयंकर असलं तरी प्रकार साधा आहे. जाड पोलादी भांडं. त्यात एक ग्रॅम कोळसा ठेवायचा, दाबानं प्राणवायू भरायचा, झाकण घट्ट करून भांडं पाण्यात बुडवायचं आणि विजेच्या तारेनं आत ठिणगी द्यायची. कोळसा जळतो आणि बाहेरचं पाणी तापतं. ते किती तापलं त्यावरून कोळशातल्या कॅलरी निघतात. हे काम माझंच होतं. कोळसा जर मोजता येतो, तर भाकरीनं काय पाप केलं?

एका रविवारी दुपारी प्रयोगशाळेत मी आणि मदतनीस मामा असे दोघेच होतो. मामा दिवाळ्याचेच. त्यांची जमीन नव्या शहरात गेली आणि त्या बदल्यात त्यांना ही नोकरी मिळाली. मी ज्या खोलीत राहायचो ती त्यांच्याच घरामागची, आणि संध्याकाळची भाकरी मामींच्या हातची. मी डब्यातून एकेक वस्तू काढून काचेच्या बशांत मांडली. भाकरी, भात, वरण, ताक, चहा, काकडी, शेंगदाणे आणि मामींनी दिलेली मूठभर सुकट.

"सायेब, नैवेद्य कोनाला?" मामांनी विचारलं.

"नैवेद्य नाही, मामा. हे सगळं वाळवायचं आणि जाळायचं."

"काकडी पन?"

"काकडी पण."

"काकडी जळते?"

"वाळवली की सगळं जळतं."

कोळसा आम्ही भट्टीत कोरडा करून, कुटून, मगच जाळत असू. तोच शिरस्ता मी जेवणाला लावला. तासाभरात सुकटीचा वास प्रयोगशाळेतून निघून जिन्यानं खाली उतरला. नेमके त्या दिवशी आमचे मॅनेजर बॉयलर बघायला आले होते. त्यांनी दारातून आत नाक घातलं.

"कसला वास आहे हा?"

मी उत्तर जुळवतोय तोवर मामा म्हणाले, "खाडीचा वारा फिरलाय, सायेब."

मॅनेजर खिडकीतून बाहेर बघत थोडा वेळ उभे राहिले. "खिडक्या बंद ठेवत जा," म्हणाले आणि गेले.

आकडे निघाले तेव्हा मी हादरलो. जवळपास प्रत्येक पदार्थ ग्रॅमला चार कॅलरी देत होता. मग मी रोजच्या जेवणाचं वजन केलं आणि चारानं गुणलं. एक भाकरी चारशे ऐंशी. ताटभर भात बाराशे. चहाचा कप जवळजवळ पाचशे, म्हणजे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चहा घेतला तर माणसाचा दिवस जवळपास संपला. ताकाचा पेला आठशेच्या वर. एक काकडी पाचशे, म्हणजे भाकरीपेक्षाही जड. त्यामानानं मूठभर शेंगदाणे एकशे ऐंशीत भागत होते. मी हातानं मोजलं होतं, तीनदा मोजलं होतं, आणि तिन्ही वेळा उत्तर सारखंच आलं होतं. त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. एवढी वर्षं आपले लोक काकडी खाऊन कसे जगले, याचंच नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी काकडी सोडली. ताक सोडलं. चहा सोडला, आणि त्यानं मोठी पंचाईत झाली. आमच्या विभागात चहा नाकारणारा माणूस एकतर कुणावर रुसलेला असे किंवा त्याच्या घरी काही झालेलं असे. तीन दिवस लोक मला बाजूला घेऊन "काय झालं?" म्हणून विचारत होते. शेवटी मी माझा तक्ता दाखवला.

ही चूक मोठी. बी.एस्सी. झालेल्या माणसानं यंत्रावर जाळून काढलेले आकडे, म्हणजे ते खरेच असणार. आठवड्याभरात तक्त्याच्या चार-पाच नकला झाल्या. त्यातली एक कुणीतरी कॅन्टीनच्या खांबावर चिकटवली. ढेरी सुटलेले फिटर आणि ऑपरेटर काकडीच्या फोडी ताटाबाहेर काढून ठेवू लागले. कॅन्टीनचा आचारी ताकाचा डाव हातात घेऊन खांबासमोर उभा राहिला, पूर्ण तक्ता वाचला आणि मला म्हणाला, "साहेब, माझी काय चूक झाली ते तरी सांगा."

माझं रोजचं जेवण असं झालं: दुपारी एक भाकरी आणि दोन चमचे भाजी, संध्याकाळी एक भाकरी, मूठभर शेंगदाणे, आणि फार झालं तर दोन घास भात. माझ्या हिशोबानं हे सोळाशेच्या पुढे जाई. डॉक्टरांनी अठराशे सांगितले होते, म्हणजे मी रोज दीडशेनं पुढे होतो. परीक्षेत पासापुरते गुण मागितले तरी पहिल्या वर्गाचे आणायचे, ही सवय कुठे जाते?

वजन मात्र झपाट्यानं उतरलं. दर शनिवारी मी दवाखान्यातल्या काट्यावर उभा राही आणि कंपाउंडर म्हणे, "वा!" पाच आठवड्यांत साडेआठ किलो गेले. मी साडेएकोणसत्तरवर आलो. तीन महिन्यांचं काम सव्वा महिन्यात, तेही जास्तीच्या गुणांनी. एवढंच की जिना चढताना कठडा धरावा लागे. एकदा ब्युरेटच्या काचनळीतून द्रावण थेंब थेंब सोडताना उभ्याउभ्याच माझा डोळा लागला आणि गुलाबी रंगाच्या जागी सगळा जांभळा समुद्र झाला. मामांनी ते निमूटपणे मोरीत ओतलं आणि विचारलं, "सायेब, तुमी पास कवा होनार?"

त्याच सुमारास गावी चुलत बहिणीचं लग्न निघालं. मी पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली आणि गेलो.

स्टँडवरून घराकडे येताना बायका दारात आल्या, पण या वेळी कुणी काही बोललं नाही. मायनं मला पाहिलं. काडेपेटी आणायला पाठवलं नाही. हात धरून थेट घराच्या मागं नेलं.

"खरं सांग लेकरा. काढलं का तुला?"

"काढलं नाही माय, वजन कमी करायला सांगितलंय. त्याशिवाय कायम करत नाहीत."

मायनं ते दोन-तीनदा मनात फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "तुला साधं खोटं बी बोलता येत नाही. एवढा शिकलास."

"खरंच सांगतोय. कमी जेवलं की नोकरी पक्की होते."

मांडवात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. बाजेवर बसलेल्या चुलत्यानं मला हाक मारली. "काय रे, कमी जेवायची नोकरी हाय म्हणं तुझी? मला लाव की तिथं. तीस वर्षांचा अनुभव हाय मला."

सगळा मांडव हसला. मीही हसलो. या माणसानं दुष्काळी कामावर स्वतःच्या वाटणीची गोड सुकडी माझ्या हातावर ठेवलेली मला आठवत होती. त्याला कॅलरी म्हणजे काय हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

चार दिवस मायनं मला खाऊ घातलं. नोकरी गेलेल्या मुलाला आई जसं जेवू घालते तसं, काही न विचारता. पुरणपोळी, मटण, वरून तूप. आणि माझ्या शरीरानं पाच आठवड्यांची सगळी तहानभूक एकदम बाहेर काढली. मी खात सुटलो. दिवाळ्याला परत आल्यावरही थांबता येईना. कॅन्टीनमध्ये भाताचा डोंगर घेऊन मी खांबाच्या पलीकडे, तक्ता दिसणार नाही अशा जागी बसे. दोन आठवड्यांत काटा साडेपंचाहत्तरवर गेला. पुढच्या तपासणीला सहा आठवडे उरले होते. मायचं नेरुळला येणं मी माझ्या हातानं गिळत होतो, आणि ते कळत असूनही हात थांबत नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मामी घरासमोर बोंबील वाळत घालत होत्या. आडव्या बांबूंवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगायच्या, हे काम त्या न बघता करत. दिवाळ्याच्या बाजारात त्यांच्या टोपलीला गिऱ्हाईक शोधत येई. मी पायरीवर तोंड पाडून बसलो होतो.

"काय रं पोरा, परीक्षा नापास झालास काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अठराशे कॅलरी, बॉम्ब, ग्रॅमला चार, काकडीचे पाचशे. त्या टांगत होत्या आणि ऐकत होत्या. काकडीपाशी त्यांचा हात थांबला.

"काकडी भाकरीपेक्षा जड? कोन सांगतंय?"

"मी स्वतः जाळून बघितली, मामी."

"ओली जाळलीस?"

"ओली कशी जळेल? भट्टीत वाळवून घेतली."

"वाळल्यावर किती उरली?"

"चिमूटभर."

"आनि जेवतो ती कोनची? चिमूट का अख्खी?"



मामींनी टोपलीतला एक ओला बोंबील उचलून माझ्या डाव्या हातावर ठेवला. थंडगार, गुबगुबीत, पाण्यानं भरलेला. उजव्या हातावर कालचा सुका ठेवला. तो पिंपळाच्या पानाएवढाही जड नव्हता. "सहा किलो ओला टांगला तं किलोभर पन सुका उतरत नाय. बाकी सगला पानी, तो उन्हात उडून जाते. आता मला गिऱ्हाईक आला नि ओल्या बोंबलाला सुक्याचा भाव सांगितला, तं तो माजी टोपली खाडीत टाकंल का नाय? तू तसाच केलास. सुक्याचा भाव काढलास नि ओल्याला लावलास. पान्याला घाबरून उपाशी ऱ्हायलास, येड्या."

पायरीवर मामा दाढी करत बसले होते. त्यांनी साबण लावलेला चेहरा आरशातून वळवला. "मी तवाच इचारलं होतं, काकडी जळते काय."

मी दोन्ही हातांवर दोन बोंबील घेऊन तसाच बसून राहिलो. कोळशात जो ओलावा असतो त्याची वजावट प्रत्येक अहवालात होते. पण ती आमचे वरिष्ठ केमिस्ट त्यांच्या टेबलावर करत. माझं काम कोरडा कोळसा जाळून आकडा देण्यापुरतं. दीड वर्ष मी तो आकडा खाली मान घालून देत आलो, आणि पुढे त्याचं काय होतं हे एकदाही विचारलं नाही. ताकात, वरणात, भातात, चहात किती पाणी असतं हे सांगायला बी.एस्सी.ची गरज नव्हती. मी खोलीवर जाऊन गणित पुन्हा मांडलं. सोळाशेच्या वर समजून मी खात होतो ते जेमतेम साडेआठशे होतं.

दुसऱ्या दिवशी खांबावरचा तक्ता मी स्वतः काढला. आचारी बघत होता.

"म्हणजे ताक पाजायचं आता?"

"पाजा. माझी चूक झाली."

"कुणाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "तुमच्या तक्त्यामुळं ताक वाचतंय, म्हणून मी रोज तीन पेले पितोय."

मग मी डॉक्टरांकडे गेलो. न बोलावता, आणि विचारायला. सगळं सांगितलं. ते या वेळी हसले, चष्मा काढून, बराच वेळ. मग म्हणाले, "मी अर्धा किलो का म्हटलं होतं? घाईनं साडेआठ किलो गेले, त्यात चरबी किती, पाणी किती आणि तुमचं स्वतःचं मांस किती, हे तुमच्या बॉम्बला विचारा. शरीराला वाटलं दुष्काळ आला. जेवण दिसताक्षणी त्यानं कोठारं भरून घेतली. त्यात तुमचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे."

"मग आता किती कॅलरी, सर?"

"कॅलरी राहू द्या जरा. आकडा फक्त दिशा दाखवायला असतो. साठाव्या वर्षीही जसं जेवता येईल तसं आजपासून जेवा. जे जन्मभर निभणार नाही ते सहा आठवडे तरी कशाला करायचं? रोजच्या जेवणातलं आधी काय कमी करता येईल, सांगा."

मी विचार केला. "दुसऱ्यांदा घेतलेला भात."

"आणि?"

"तिसऱ्यांदा घेतलेला भात."

"बस. तेवढंच करा. काकडी, ताक, वरण, भाजी पोटभर घ्या. आणि चाला."

एवढी सोपी गोष्ट करणं मला किती जड गेलं ते सांगतो. ताटातला भात संपला आणि वाढपी समोरून पातेलं घेऊन चालला की माझा हात आपोआप वर होई. तो खाली ठेवण्यासाठी मी डाव्या हातानं उजवा धरून बसू लागलो. शेजारच्याला वाटे, मी जेवणानंतरची प्रार्थना करतो. आठ-दहा दिवसांनी एक शोध लागला, आणि या शोधाला कोणतंही यंत्र लागलं नाही. हात खाली ठेवून शंभर आकडे मोजले की भूक कमी होते, आणि पातेलं उद्या परत येतं. रोज येतं. ते पळून जात नाही. ही गोष्ट मला दीड वर्षात डोक्यानं कळली होती, पण पोटाला कुणी सांगितली नव्हती.

संध्याकाळी मी बसमधून उरण फाट्यावर उतरून दिवाळ्यापर्यंत चालत येऊ लागलो. एखाद्या दिवशी कुणाच्या बढतीचे पेढे आले तर एक खाई आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल स्वतःला शिक्षा करत नसे. चहा पुन्हा सुरू केला, तेव्हा विभागात सगळ्यांना बरं वाटलं. वजन पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं, पुढे एखाद्या आठवड्यात अर्धा किलो, एखाद्या आठवड्यात पाव, एकदा तर हललंच नाही. कंपाउंडरनं "वा!" म्हणणं सोडून दिलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी काटा साडेबहात्तरवर होता. अर्धा किलो जास्त.

आता विभागात सल्ल्यांचा पाऊस पडला. "आज रात्री जेवू नका, उद्या पाणीही पिऊ नका, बहात्तरात आरामात बसाल." "पट्टा काढा, घड्याळ काढा, केस कापून घ्या." एकानं तर बॉयलर हाऊसमध्ये तासभर घाम काढायची जागाही दाखवली. सल्ला खोटा नव्हता. अर्धा किलो पाणी अंगातून काढणं काय कठीण? ओलावा वाळवून आकडा आणायचा, यात तर माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि पणाला काय लागलं होतं हेही मला माहीत होतं. मायचं पत्र येऊन पडलं होतं, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्यात एकच विचारलं होतं, दार झालं का.

संध्याकाळी मी ताटावर बसलो. मामींनी भाकरी पुढे केली. मी ती घेतली. सकाळीही रोजच्यासारखा खाऊन, पाणी पिऊन निघालो. हे धैर्य होतं असं मी म्हणणार नाही. बसमध्ये मी मायचं पत्र तीनदा काढून वाचलं.

डॉक्टरांनी आधी पट्टा गुंडाळला. पारा बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि आकडा लिहिला. मग काट्याकडे बोट केलं. मी बुटांसकट चढणार होतो, त्यांनी बूट काढायला लावले.

"साडेबहात्तर," ते म्हणाले. "अर्धा जास्त. सकाळी खाऊन आलात?"

"हो, सर."

"लोक आदल्या दिवसापासून कडक उपास करून येतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं, सर. पण मग उद्या जेवल्यावर तो अर्धा परत आला असता. कागदावर बहात्तर राहिलं असतं आणि मी साडेबहात्तर."

त्यांनी पेन उचललं. "रक्तदाब उतरलाय. आणखी तीन-चार किलो जायला हवेत, ते सहा महिन्यांत जाऊ द्या." आणि कागदावर लिहिलं, तंदुरुस्त. ते अक्षर इतकं वाईट होतं की मी बाहेर येऊन कंपाउंडरकडून दोनदा वाचून घेतलं.

दोन महिन्यांनी नेरुळची किल्ली मिळाली आणि माय आली. एक गाठोडं, एक पत्र्याची पेटी. कायम नोकरांच्या घरच्यांनाही कंपनीचा दवाखाना असे, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर चढायला ती तयार नव्हती. "मी काय कापसाचं बोचकं हाय का?" म्हणत होती. मी हात धरून चढवलं. अडतीस किलो भरली. डॉक्टर बराच वेळ तिच्या मनगटाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्यासारखाच चक्रमुद्रित कागद काढला, वरचा अठराशेचा आकडा खोडला आणि बाजूला बावीसशे लिहिलं.

"बाई, तुम्हाला वजन वाढवायचंय. हळूहळू. महिन्याला एखादा किलो."

"आणि वाढलं तर?" मायनं विचारलं. "मला बी कायम करता का?"

"करतो," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना तिनं कागद माझ्या हातात दिला आणि काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी टोस्ट आणि पॉरिज सोडून दिलं आणि सांगितलं की रोज दोन भाकऱ्या जास्त, दूध, आणि दुपारी झोप. दुपारी झोप मी पदरची घातली होती. ती म्हणाली, "दोन भाकऱ्या एकदम कशा जातील रे? सवय नाही." मी म्हटलं, "घाई नाही, माय. आधी अर्धी वाढवू."

त्या संध्याकाळी तिनं नेहमीची दीड भाकरी खाल्ली. वाढवलेली अर्धी तिनं सवयीनं माझ्या ताटात सरकवली. मी ती परत तिच्या ताटात ठेवली. तिनं पुन्हा माझ्या ताटात ठेवली. शेवटी तिनं ती दुधात कुस्करली, माझ्याकडे रागानं बघितलं आणि एकेक घास करून संपवली.